वर बघितलं की हो

फोन खर्ड्याहून होता. बोलणारी एक सून होती, चिडलेली होती आणि तिला आमच्या बाईंची तक्रार करायची होती.

"तुमच्या त्या म्हाताऱ्या मॅडम येऊन गेल्यापासून आमच्या घरात शांतता म्हनून न्हाई."

"का? काय झालं?"

"आमच्या सासूबाई. लकवा मारल्यापासून कशा गपगार पडून हुत्या बिचाऱ्या. कुनाला काई तरास न्हाई. तुमच्या मॅडमनी ती अक्षरांची पाटी आनून दिली, अन् तवापासून..."

"म्हणजे त्या बोलायला लागल्या?" मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले.

"बोलायला न्हाई हो," सून म्हणाली, "बोलून दाखवायला लागल्यात!"

हे मी बाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनी ते शेवटचं वाक्य माझ्याकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. मग समोरच्या गाडीवरून सगळ्यांसाठी भजी मागवली. "अशी एक तक्रार आली ना," तेलकट कागदात मिरची शोधत त्या म्हणाल्या, "की पुढे वर्षभर कुणी माझे आभार नाही मानले तरी चालतं."

सावेडीत एका इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत आमचं केंद्र होतं. स्पीच थेरपीचं शिक्षण संपवून मी तिथे नवीनच लागले होते. आमच्याकडे येणारे, किंवा खरं तर ज्यांच्याकडे आम्ही जायचो ते, बहुतेक मेंदूला झटका बसलेले नाहीतर मणक्याला मार लागलेले. कुणाचा आवाज गेलेला, कुणाचे हातपाय, कुणाचं सगळंच; फक्त डोळे उरलेले. त्या डोळ्यांतून मनातलं बाहेर कसं काढायचं, हे शोधणं आमचं काम. बाई एका मिशन दवाखान्यात नर्स होत्या, तिथून निवृत्त झालेल्या. आमच्या केंद्रात त्यांना कुणी नेमलं होतं हे कुणालाच आठवत नव्हतं, त्यामुळे त्यांना काढायचं कुणी हाही प्रश्न सुटत नव्हता.

पांढरं पातळ, त्याखाली पुरुषी स्पोर्ट्स शूज आणि बुटाच्याच नाडीने गळ्यात अडकवलेला चष्मा. काखेत कायम ती पाटी. पारदर्शक प्लास्टिकची, टीव्हीएवढी, तिच्यावर सगळी मुळाक्षरं आणि काना-मात्रा काळ्या रंगात. पेशंटसमोर पाटी धरायची, आपण पलीकडून एकेका अक्षरावर बोट न्यायचं, अक्षर मोठ्याने म्हणायचं आणि पाटीतून आरपार त्याच्या डोळ्यांकडे बघत राहायचं. हवं ते अक्षर आलं की तो डोळ्यांनी खूण करणार. पलीकडून बघणाऱ्याला सगळी अक्षरं उलटी दिसत. बाईंना त्याची इतकी सवय झाली होती, की सुलट छापलेलं वाचताना त्या अडखळत. माझ्या स्कूटरवर मागे बसल्या, की वारा लागू नये म्हणून तीच पाटी त्या आमच्या दोघींच्या तोंडापुढे धरत. मनमाड रस्त्याला समोरून येणारे उसाचे ट्रॅक्टरवाले आमच्याकडे बघत राहत आणि मी क्ष आणि ज्ञ यांच्या मधल्या फटीतून रस्ता शोधत असे.

बोलता येणाऱ्या माणसांचं ऐकून घ्यायला मात्र बाईंना मुळीच सवड नव्हती. भाजीवाल्याने "मावशी, सकाळीच तोडलेली हाय" एवढं म्हणेपर्यंत त्या ओरडत, "कोवळी आहे? हो की नाही?" रविवारी उपासना संपल्यावर चर्चच्या दारात पाळकसाहेबांना त्यांनी एकदा सांगितलं होतं, "चांगलं होतं. पण एवढं सांगायला पाच अक्षरं पुरली असती." केंद्र चालवणाऱ्या आमच्या सरांनी मीटिंग बोलावली, की बाई चष्मा काढून ठेवत. चष्मा काढला की आपल्याला ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि याच बाई एका शब्दासाठी अर्धा तास लावणाऱ्या माणसासमोर हात वर धरून बसत. खांदा दुखला तर हात बदलत, पण डोळे हलवत नसत.

नवीन असताना मी मोठ्या हौसेने एक चित्रांचा तक्ता केला होता. पाणी, भूक, दुखतंय, संडास, पंखा. बाईंनी तो नीट पाहिला आणि म्हणाल्या, "छान आहे. गुरांच्या दवाखान्यात दे."

"पण बाई, याच तर गरजा असतात ना?"

"तू सकाळी उठल्यावर पहिलं काय करतेस? पाणी मागतेस?"

"नाही."

"कुरकुर करतेस. मग त्यांची कुरकुर कुठे आहे यात?"

त्यांनी मला तक्त्यात आणखी चार घरं करायला लावली: 'काहीतरीच!', 'तुला काय कळतंय', 'हे कुणी केलं?' आणि 'जा तिकडे'. चित्रं कशी काढायची हा प्रश्न होता, म्हणून नुसते शब्दच लिहिले. पुढे तक्ता जिथे जिथे गेला, तिथे तीच चार घरं आधी झिजली.

गुलमोहोर रोडच्या बाजूला एक निवृत्त मराठीचे मास्तर होते. त्यांच्याकडे तर बाई खरोखरच हरल्या. मास्तरांना पाणी हवं होतं. बाईंनी प घेतला, काना घेतला, न घेतला आणि उठून पाण्याचा चमचा भरला. मास्तर तोंड उघडेनात. डोळे सारखे पाटीकडे. पुन्हा पाटी धरली. मास्तरांना ण हवा होता. ण झाला. आता वेलांटी. बाईंच्या पाटीवर वेलांटी एकच, वेळ वाचावा म्हणून. मास्तर अडून बसले. दुपारभर माणूस तहानलेला, पण पहिली का दुसरी हे ठरल्याशिवाय घोट घेईना. शेवटी मी मार्करने दुसरी वेलांटी काढली तेव्हा कुठे ते पाणी प्यायले. रस्त्यावर आल्यावर बाई म्हणाल्या, "याला काही झालेलं नाही. हा आधीपासूनच असा असणार."

या कामात त्या कशा पडल्या हे विचारलं तर दर वेळी वेगळं उत्तर मिळे. एकदा म्हणाल्या, दवाखान्यात एका बाईने नुसत्या भुवईने आपल्याला शिवी दिली, तेव्हापासून. एकदा म्हणाल्या, देवाने सांगितलं. नवऱ्याबद्दल विचारलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "आयुष्यभर बोलत होता. मला काय कळलं?"

आता तात्यांचं सांगते.

राहुरीच्या पुढे, कालव्याच्या कडेला एक वस्ती आहे. तात्या तिथले शेतकरी. उसाला पाणी देताना खाली बसले ते उठलेच नाहीत. मानेखालचं सगळं अंग गेलं, आवाज गेला, अन्न नाकातल्या नळीतून. जीव वाचला. पण त्यांना काही कळतं का, याबद्दल कुणी खात्रीने सांगत नव्हतं. घरात बायको काशीबाई, मदतीला आलेली तात्यांची थोरली बहीण आणि पुण्याहून शनिवार-रविवार येणारा मुलगा सुनील. सुनीलचं म्हणणं, तात्यांना माझ्या फ्लॅटवर नेतो, तिथे हाकेच्या अंतरावर दवाखाना आहे. काशीबाईंचं म्हणणं, जमीन सोडून ते कुठं जायचे न्हाईत. आम्हाला बोलावलं होतं ते याच भांडणाच्या निकालासाठी.

"त्यांना सगळं समजतं मॅडम," सुनील म्हणाला. "हे बघा. तात्या, पुण्याला यायचं ना माझ्याबरोबर?"

तात्यांची पापणी लवली.

"बघितलं?"

"त्यात काय," काशीबाई पुढे झाल्या. "अवो, हितंच ऱ्हायचं ना आपल्याला?"

पापणी लवली.

"बघा!"

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि खाटेवर वाकल्या. "तात्या, तुम्ही तहसीलदार आहात का?"

पापणी लवली.

मग बहीण हळूच म्हणाली, "लहानपनी लई हुशार हुता तसा."

"पापणी आपोआप लवते," बाई म्हणाल्या. "कुणाचीही. तिच्यावर काय भरवसा ठेवता!"

मग मी बसले. माझ्या शिक्षणाचा उपयोग दाखवायची हीच वेळ होती. अशा झटक्यात डोळे बाजूला वळत नसले, तरी पुष्कळदा वर-खाली होतात. मी म्हणाले, "तात्या, माझं बोलणं समजत असेल तर वर बघा. सावकाश." काही होईना. सुनील खिडकीकडे गेला. मी पुन्हा म्हणाले. आणि मग खोल विहिरीतून बादली वर यावी तसे ते डोळे हळूहळू वर गेले, पार पत्र्यापर्यंत.

"आता खाली."

खाली आले.

"वर बघितलं की हो. खाली बघितलं की नाही. तात्या, तुम्ही तहसीलदार आहात का?"

डोळे खाली गेले. इतके रागाने गेले, की बाई टाळी वाजवून हसल्या. काशीबाई पदर तोंडात धरून रडायला लागल्या. इतके दिवस त्या माणसासमोर त्याच्याच भवितव्याच्या गप्पा चालल्या होत्या आणि तो ऐकत होता.

पण पाटी धरली आणि खरी गंमत सुरू झाली. तात्यांनी पहिलं अक्षर घेतलं, क. लगेच काशीबाई म्हणाल्या, "काशी! माजं नाव घेत्यात!" बहीण म्हणाली, "काशीला जायचंय त्याला. मागंच बोलला हुता." सुनील म्हणाला, "कबूल. कबूल म्हणतायत, पुण्याचं." तिघंही रडत होते, तिघांचीही खात्री होती आणि तात्या पाटीकडे बघत तसेच अर्धवट पडले होते. दुसऱ्या अक्षरापर्यंत कुणी जाऊच देईना. तासाभराने तात्यांनी डोळेच मिटून घेतले.

बाईंनी पाटी खाली ठेवली. "तुमचा सगळ्यांचा यांच्यावर जीव आहे," त्या म्हणाल्या, "म्हणून तुम्ही कुणीच कामाचे नाही. यांचा दुश्मन कोण आहे?"

"काय?" सुनील म्हणाला.

"ज्याच्याशी पटत नाही असा. भावकीत, गावात. कुणीतरी असेलच ना? का अगदीच देवमाणूस?"

काशीबाईंनी डोळे पुसले आणि बांधापलीकडे बोट दाखवलं. "रंभाजी."

रंभाजीचं आणि तात्यांचं भांडण एका डांगरावरून होतं. डांगर म्हणजे लाल भोपळा. वेल उगवला तात्यांच्या शेतात. तो बांध ओलांडून रंभाजीच्या शेतात गेला आणि तिथे त्याला एकच फळ धरलं. पण ते असं वाढलं, की उचलायला चार माणसं लागावीत. तात्या ते आज काढू, उद्या काढू करत होते. तेवढ्यात रंभाजीने ते टेम्पोत घालून राहुरीच्या कृषी प्रदर्शनात नेलं. पहिला नंबर आला. डांगराला मिठी मारलेला रंभाजीचा फोटो पेपरात छापून आला. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. लग्नं झाली, मयती झाल्या, कुणी कुणाचा उंबरा चढलं नाही.

बाई तिथून उठल्या त्या बांध ओलांडून थेट रंभाजीच्या गोठ्यावर. मी मागोमाग. रंभाजी कडबा कुट्टी करत होता. वाळलेला, उंच, मिशा पांढऱ्या, डोक्याला टॉवेल. तात्यांचं नाव ऐकताच त्याने यंत्र बंद केलं.

"गेला का?"

"नाही."

"मंग मी कशाला येऊ?"

"त्यांना तुमच्याशी भांडता येत नाहीये," बाई म्हणाल्या, "म्हणून."

"म्हंजी कळतं का त्याला?"

"सगळं कळतं. फक्त बोलता येत नाही."

रंभाजीने हातातली पेंढी खाली ठेवली. "मंग लई हाल हुत आसतील त्याचे," तो म्हणाला.

"घरची माणसं त्यांच्या तोंडी गोड गोड घालतात. तुम्ही घालणार नाही. जे अक्षर ते दाखवतील तेच वाचायचं. येता का? हो की नाही?"

"मी त्याच्या घरचं पानी पिनार न्हाई."

"नका पिऊ."

रंभाजी आला. उंबऱ्यावर थांबला, चप्पल काढावी की नको यावर थोडा वेळ गेला. तात्यांनी त्याला पाहिलं आणि मी शपथेवर सांगते, त्या हलू न शकणाऱ्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. रंभाजी चौथीपर्यंत शिकलेला, त्यात अक्षरं उलटी. बाई शेजारी बसून बोट धरून शिकवत होत्या. त्याचं बोट रांगेवरून सरकत होतं आणि तो बाजारात भाव पुकारावा तशी अक्षरं पुकारत होता.

ड आला. काना आला. वर टिंब आलं. रंभाजीने बोट काढून घेतलं.

"फुडं न्हाई वाचत मी. मला म्हाइती हाय हे कुठं चाल्लंय."

"वाचा," बाई म्हणाल्या.

"माज्या इरुद्ध हाय!"

"म्हणून तर वाचा. तुमच्या बाजूचं असतं तर मी विश्वास ठेवला नसता."

ग आला. र आला. मग म, काना, झ, टिंब.

"डांगर माझं," रंभाजी म्हणाला आणि पाटीवर हात आपटला. "बगा! काय सुदारना हाय का ह्याच्यात? मरता मरता वाचला तरी तेच! आरं, माज्या रानात वाडलं, माजं पानी पिलं, तुजं कसं?"

तात्यांनी वर बघून पुन्हा पाटी मागितली. म, ऊकार, ळ. मूळ. सगळा दावा एका शब्दात.

"मूळ तुज्यात आसंल! पन राकलं कुनी? रानडुकरं कुनी हाकलली?"

दुपार अशी गेली. एक माणूस गळ्याच्या शिरा ताणून भांडत होता आणि दुसरा बुबुळांनी त्याला तोडीस तोड देत होता. मधेच रंभाजी वाक्य अर्धवट टाकून म्हणे, "थांब, मला आदी तुजं वाचू दे," आणि निमूटपणे पाटीवर बोट फिरवून स्वतःचीच निंदा एकेका अक्षराने गोळा करी. शेजारपाजारची माणसं दारात जमली. काशीबाई चुलीकडे पळाल्या. "भांडाया लागले वं," त्या मला सांगत होत्या, "पैल्यासारकं भांडाया लागले!" त्यांनी रंभाजीपुढे चहा ठेवला आणि भांडणाच्या भरात त्याने तो पिऊन टाकला. कप रिकामा झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. पण ओतून देता येण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

बाईंनी तसलीच दुसरी पाटी तिथे ठेवून दिली आणि रंभाजी रोज येऊ लागला. "आज त्याला सोडनार न्हाई," असं म्हणत यायचा आणि संध्याकाळी धार काढायची वेळ झाली की उठायचा. डांगर संपल्यावर दोघांनी पाटाच्या पाण्याची पाळी काढली, मग कुठल्या तरी कुस्तीचा जुना निकाल. आम्ही अधूनमधून जायचो. बाई कोपऱ्यात बसून दोघांचं भांडण ऐकायच्या आणि सिनेमा बघताना एखादीचं दिसावं तसं त्यांचं तोंड दिसायचं.

पुण्याचा प्रश्न मात्र तसाच होता. सुनीलने रजा काढली, गाडी ठरवायची होती. बाईंनी सगळ्यांना जमवलं. येताना वाटेत त्यांनी सुनीलला काय सुनवायचं याची माझ्यावर तालीम केली होती: म्हाताऱ्या माणसाला त्याच्या मातीतून उपटू नये, वगैरे. काशीबाईंनी पुरणाचा घाट घातला होता. रंभाजी इस्त्रीचा सदरा घालून आला होता.

बाईंनी विचारलं, "तात्या, पुण्याला जायचं का?"

डोळे वर गेले.

"उजेड आला डोळ्यावर," रंभाजी म्हणाला. "परत इचारा."

बाईंनी खिडकी लावली. "तात्या, इथेच राहायचं का?"

डोळे खाली.

"जायचं?"

वर.

सुनीलने सुटकेचा निःश्वास टाकला, पण त्यालाही हे खरं वाटत नसावं. काशीबाई पुरणाच्या हाताने तशाच उभ्या होत्या. "का पन?" त्या म्हणाल्या. "माजं काय चुकलं?"

रंभाजीने पाटी उचलली. तो खाटेच्या कडेवर बसला होता, बाई त्याच्या पाठीमागे. तात्यांचे डोळे फक्त त्याला दिसत होते आणि उशाशी उभ्या असलेल्या मला. क आला. टिंब आलं. ट, काना, ळ, काना.

"कंटाळा," रंभाजी म्हणाला.

पहिल्या दिवशी अडकून पडलेला क तो हाच. इतके दिवस तो तसाच थांबला होता.

"कसला कंटाळा?" बहीण म्हणाली. "भजनाची टेप लावतो की आमी!"

पुढचं यायला वेळ लागला. ग, काना, ड, य, काना. मग ब, घ. गाड्या बघायच्या होत्या. सुनीलच्या फ्लॅटला गॅलरी होती, खाली मोठा रस्ता. तात्या एकदा तिथे जाऊन आले होते आणि दिवसभर गॅलरीतून हलले नव्हते, हे सुनीलला आत्ता आठवलं. इथे काय होतं? पत्र्याला खिळे किती ते त्यांना पाठ झालं असेल.

रंभाजीच्या हातात होतं सगळं. एखादं अक्षर त्याने इकडचं तिकडे केलं असतं तर मी सोडून कुणाला कळलं नसतं, आणि मी बोलले असते की नाही, सांगता येत नाही. पण त्याने एकेक अक्षर जसंच्या तसं पुकारलं. आवाज मात्र दर अक्षराला बारीक होत गेला.

"आयकलं ना?" शेवटी तो उठून म्हणाला. "गाड्या बघायच्यात त्याला. जाऊ द्या." आणि चप्पल न घालताच बांधाकडे निघाला. काशीबाईंनी त्याची चप्पल गड्याबरोबर पाठवून दिली.

परतताना बाईंनी पाटी तोंडापुढे धरली नाही. विळद घाटात रसवंतीपाशी त्यांनी मला थांबायला लावलं. रस आला तरी ग्लासाला हात लावेनात.

"मलाही 'नाही'च ऐकायचं होतं," त्या म्हणाल्या. "मीही घरच्यांतली झाले बघ." थोड्या वेळाने म्हणाल्या, "गाड्या! माणसाला गाड्या बघायच्या असतात आणि आपण त्याला माती माती करतो."

निघायच्या दिवशी आम्ही गेलो होतो. तात्यांना स्ट्रेचरवरून गाडीत ठेवलं होतं. काशीबाई पुढे बसल्या, मांडीवर देवाची पितळी डबी. अर्धं गाव जमलं होतं. रंभाजी मागच्या उघड्या दारापाशी उभा होता. कुणाशी बोलत नव्हता. ड्रायव्हरने गाडी सुरू केली आणि तेवढ्यात तात्यांचे डोळे सारखे वर जायला लागले. वर, वर, वर.

"थांबा! त्यांना काही सांगायचंय," मी ओरडले.

गाडी बंद झाली. रंभाजी आत चढला, पाटी धरली. सगळे दाराभोवती दाटले. बायांनी पदर डोळ्यांना लावून ठेवले होते, आधीच.

"म," रंभाजी म्हणाला. "मात्रा. काना. मो."

"मोक्ष!" तात्यांची बहीण किंचाळली आणि दारातच खाली बसली. "मोक्ष म्हनतोय गं माजा भाऊ!" दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले.

"गप्प बसा!" बाई म्हणाल्या. "कुणी ओळखायचं नाही. पुढे वाचा."

"ट," रंभाजी म्हणाला.

मोक्ष मागे पडला. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. "मोटा," कुणीतरी म्हणालं, "मोट्या मनानं माफ केलं म्हनत्यात रंभाजीला." रंभाजीने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो मागे सरला.

"र," रंभाजी म्हणाला. "मोटर." त्याचं बोट थांबलं. त्याने मान वर करून कान दिला. मग आम्हालाही ऐकू आलं. घरामागे विहिरीवरची मोटर चालू होती. सकाळी लाइट आली तेव्हा कुणीतरी लावली होती आणि निघायच्या गडबडीत सगळे विसरले होते. हौद भरून पाणी वाहत वाहत पार अंगणापर्यंत आलं होतं, आणि आम्ही सगळे त्याच चिखलात उभं राहून रडत होतो.

"मोटर चालू हाय!" रंभाजी ओरडला. "आरं, मोटर बंद करा!" कुणी हलेना तेव्हा त्यानेच पाटी सुनीलच्या हातात कोंबली, गाडीतून उडी मारली आणि धोतराचा सोगा धरून घराला वळसा घालून पळत सुटला.

ड्रायव्हरला पुढे शिक्रापूरला गाड्यांची गर्दी लागण्याची काळजी होती. सुनीलने दार लावलं. गाडी हलली, वस्तीचा कच्चा रस्ता ओलांडून कालव्याच्या भरावावर चढली. तेवढ्यात मागची घरघर थांबली. एकदम इतकं शांत झालं, की गुरांच्या गळ्यातल्या घंटाही ऐकू यायला लागल्या.

रंभाजी चिखलाने माखलेल्या पायांनी धावत परत आला तेव्हा अंगणात फक्त चाकांच्या खुणा होत्या. भरावावर धुरळा दिसत होता. त्याने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि धुरळ्याच्या दिशेने ओरडला, "बंद केली रं!"

गाडी कधीच लांब गेली होती. तो तसाच उभा राहिला, छाती वरखाली होत होती. मग बाईंकडे वळून म्हणाला, "आयकू गेलं नसंल त्याला."

"तुमचं नसेल गेलं," बाई म्हणाल्या. "मोटरीचं गेलं असेल."